चार मागे, एक पुढे

लाँचचं इंजिन हातगाडीवरून दारात आलं तेव्हा भिंगरीच्या आईने इंजिनाकडे पाहिलंच नाही. तिने लेकीच्या पायांकडे पाहिलं. पायात चपला होत्या.

"बूट घाल."

"आई, दोन मिनिटांचं काम आहे."

"बोटं जायला अर्धं पुरतं."

भिंगरीने बूट घातले. मोठी भांडणं पुढे येणारच होती, म्हणून बारीकसारीक लढाया ती आईला जिंकू देत असे. शेजारचे दोघे, हातगाडीवाला आणि भिंगरी अशा चौघांनी इंजिन उतरवून शेडमध्ये नेलं. आई मागून "सावकाश, सावकाश" म्हणत राहिली. त्याचा उपयोग काही नव्हता, पण न म्हणता तिच्याने राहवेना.

भिंगरीचं खरं नाव दाखल्यावर आणि पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्यांना ती भिंगरीच. सात वर्षांची असताना बाथरूमची कडी कशी लागते हे बघायला तिने ती बाहेरून खोलली होती, आणि आई आत अडकली होती. दीड तास दाराच्या फटीतून "ए बये, जशी काढलीस तशी लाव!" चाललं होतं. कडी लागली, पण दोन स्क्रू उरले. ते अजून स्वयंपाकघरात काड्यापेटीत आहेत, आणि कडी बावीस वर्षं त्यांच्यावाचून लागते आहे.

शिक्षण झाल्यावर ती पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपात लागली. दहा वर्षं झाली. मोटारीचं वाइंडिंग, बेअरिंग, सील, कशातच तिचा हात धरणारा तिथे कोणी नव्हता, आणि हे तिथला मुख्य मिस्त्री स्वतः सांगे. मात्र गावाबाहेरच्या कामाला तो तिला नेत नसे. शेतावरचे, वीटभट्टीवरचे, दूधडेअरीवरचे पंप जागेवर जाऊन दुरुस्त करावे लागतात. त्या कामात नाव होतं, गिऱ्हाईक ओळखायला लागतं. भिंगरीने दर वर्षी विचारलं आणि दर वर्षी तेच उत्तर मिळालं.

"व्हॅनमध्ये जागा नाही."

व्हॅनमध्ये एक जादा टायर, एक सतरंजी आणि मिस्त्रीचा डबा यांना जागा होती.

आठव्या वर्षी ती मिस्त्रीला म्हणाली, "मग माझ्या गाडीने येते."

"तुझी गाडी आहे?"

"होईल."

वर्कशॉपच्या मागे एक जुनी बुटकी मोटार कित्येक वर्षं उभी होती. गोल पाठीची, इंजिन मागे आणि सामानाची जागा पुढे असलेली. इंजिन जाम झालं होतं, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. मालकाला जागा मोकळी हवी होती. "नेतेस तर ने," तो म्हणाला. भिंगरीने ती दोराने ओढून घरामागच्या शेडमध्ये आणली. तयार गाडी घेण्याची ऐपत नव्हती, आणि असती तरी तिने हीच आणली असती, असं आईला कायम वाटत आलं.

त्या जातीचं इंजिन आता कुठे मिळत नव्हतं. मग भिंगरीला नदीवरच्या एका मोडीत काढलेल्या लाँचचा पत्ता लागला. लाँचला दोन इंजिनं होती, आकाराने लहान, पेट्रोलची. तिने दोन्ही उघडून पाहिली, आतली झीज मोजली, आणि दोघांतलं जे धडधाकट होतं ते उचललं.

"लाँचचं इंजिन मोटारीत?" मामाने विचारलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली होती, त्यामुळे गाड्यांतलं सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. "ताई, ही पोरगी उद्या घराला वल्ही लावेल."

"मामा, इंजिनाला काय माहीत ते पाण्यावर आहे का रस्त्यावर?"

"त्याला नसेल, पोलिसाला असतं."

"परवानगी काढली आहे. हा बघ कागद."

मामाने कागद चष्मा न लावताच वाचला आणि परत दिला.

पुढची दोन वर्षं घरात रविवार असा उरलाच नाही. इंजिन लाँचचं, गिअरबॉक्स मोटारीचा. दोघांच्या भोकांचा मेळ बसेना, म्हणून मधे बसवायला जाड लोखंडी चकती करून घ्यावी लागली. लेथवाल्याने ती तीनदा केली. पहिल्या वेळी भोकं चुकली, दुसऱ्या वेळी भोकं बरोबर आली आणि जाडी चुकली. लाँचमध्ये इंजिन नदीच्या पाण्याने थंड होई. इथे नदी कुठून आणणार? म्हणून पुढे सामानाच्या जागेत रेडिएटर बसवला आणि गाडीच्या पोटाखालून मागेपर्यंत दोन नळ्या नेल्या. मग गाडीत सामान ठेवायला जागा उरली नाही. "हत्यारं मागच्या सीटवर," भिंगरी म्हणाली.

आई कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. घरी आली की पुस्तक घेऊन शेडच्या पायरीवर बसे. भिंगरी गाडीखाली शिरायची, तेव्हा गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, उभी असे. आईचा घोड्यांवर भरवसा नव्हता. तिने सुताराकडून लाकडाचे चार जाड ठोकळे आणले होते आणि घोड्यांच्या शेजारी ते स्वतःच्या हाताने सरकवल्याशिवाय लेकीला खाली जाऊ देत नसे.

"आई, तासाभरात पान उलटलं नाहीस तू."

"माझं लक्ष आहे."

"गाडी पडली तर पुस्तकाने झेलणार आहेस?"

"तू बोलू नकोस, हात चालव आणि बाहेर ये."

भिंगरीचे वडील नोकरीपायी दुसऱ्या शहरात असत. महिन्यातून एकदा येत. पिशवी ठेवून शेडमध्ये डोकावत आणि विचारत, "अजून आहे?" मग चहा मागत. ते रागावत नसत, कौतुकही करत नसत, पण दर वेळी येताना बॅटरीवर चालणारा एखादा नवा दिवा आणत आणि न बोलता शेडमध्ये टांगून जात.

आणि आईला, खरं सांगायचं तर, ती गाडी नको होती. तोंडाने ती कधी बोलली नाही, पण ग्रंथालयात पुस्तकं लावता लावता तिच्या डोळ्यांसमोर सुनसान रस्ता यायचा, त्यावर बंद पडलेली गोल पाठीची मोटार, आणि मोटारीशेजारी एकटी भिंगरी. गाडी कधी पुरी झालीच नाही तर बरं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. तिने ते मनातून झटकून टाकलं, तरी ते पुन्हा आलं.

त्यात वाहन नोंदणी कार्यालयाची नोटीस आली. वर्षानुवर्षं तपासणी न झालेल्या गाड्यांची नोंदणी रद्द होणार होती. ठरल्या तारखेला पाच वाजेपर्यंत गाडी तपासणीला हजर करा, नाही तर नंबर गेला. नंबर गेला की ती गाडी राहत नाही, लोखंड होतं. भंगारवाल्यावाचून तिला कोणी विचारत नाही.

चाकांकडे जाणारे दोन दांडे लेथवाल्याकडून आले ते थेट तपासणीच्या आदल्या संध्याकाळी. इंजिन त्याआधी कितीदा तरी सुरू झालं होतं, पहिल्या झटक्यात, गोड आवाजात. पण चाकं फिरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दांडे बसले, चाकं लागली, घोड्या निघाल्या. ठोकळे आईने काढले. मामाही आला, हातात वर्तमानपत्राची सुरळी घेऊन, तमाशाला आल्यासारखा. गाडीचं तोंड दाराकडे होतं. मागे पाण्याचं पिंप.

भिंगरीने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी ऐटीत मागे गेली आणि पिंपावर आदळली.

"अगं, रिव्हर्स पडला!" आई ओरडली.

"पहिला टाकलाय."

"मग गाडी मागे कशी गेली?"

भिंगरीने दुसरा टाकला. गाडीने पिंपाला पुन्हा धक्का दिला. मग तिने रिव्हर्स टाकला आणि गाडी शहाण्यासारखी पुढे येऊन उंबऱ्याशी थांबली.

ती उतरली. मागचं झाकण उघडून चालत्या इंजिनाच्या पुलीकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. नंतर तिने इंजिन बंद केलं आणि जमिनीवर बसली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"लाँचला दोन इंजिनं असली की एक या बाजूला फिरतं, दुसरं त्या बाजूला. दोन्ही एकाच बाजूला फिरली तर लाँच एकीकडे ओढते. मला माहीत होतं, आई. मी उलटं फिरणारं उचललंय."

"तू तर दोन्ही उघडून पाहिलीस."

"झीज पाहिली. दिशा नाही पाहिली." ती हसली, पण हसू काही धड नव्हतं. "दहा वर्षं वर्कशॉपातल्या पोरांना शिकवते आहे, पंप आला की आधी दिशा बघा. उलटा फिरत असेल तर दोन वायरींची अदलाबदल. इथे वायरी कुठल्या?"

मामाने सुरळी मांडीवर आपटली. "म्हणजे पुढे जायला एक गिअर, आणि मागे जायला चार! वा! अशी गाडी जगात दुसरी नसेल. खेकड्याला विक."

"मामा, गप्प बस."

"मी गप्प बसेन, पण तुझी गाडी पुढे जाईल का? ताई, तूच सांग तिला. भंगारवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे."

भिंगरी उठली. "गिअरबॉक्स उतरवून उघडायचा. आतलं क्राऊन, ते मोठं दातेरी चाक, दुसऱ्या बाजूने बसवायचं. मग चाकं सरळ फिरतील. होतं ते. पण दोन दिवस लागतील."

"आणि तुझ्याकडे आठ तास आहेत," मामा म्हणाला. "म्हणजे संपलं."

भिंगरीने हात पुसायला फडकं घेतलं आणि ती तेच बोट पुसत राहिली.

आईला नोटीस तोंडपाठ होती. धास्तावलेली माणसं कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि तिने तर ती मागच्या बाजूनेही वाचली होती, जिथे अक्षरं मुंगीएवढी असतात. तिथे सातव्या कलमात काय आहे ते भिंगरीला माहीत नव्हतं, मामाला तर नव्हतंच. आईला होतं. तिने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. पाच वाजले असते, नंबर गेला असता, तो सुनसान रस्ता तिच्या डोळ्यांसमोरून कायमचा गेला असता. कोणी तिला बोल लावला नसता.

भिंगरी अजून तेच बोट पुसत होती.

"नापास झालेल्या गाडीला पंधरा दिवसांत फेरतपासणी मिळते," आई म्हणाली.

"काय?"

"कलम सात. मुदतीत हजर न झालेल्या गाडीची नोंदणी रद्द. हजर होऊन नापास झाली तर पंधरा दिवस. अट एवढीच की गाडी स्वतःच्या इंजिनावर यायला हवी, ओढून आणलेली चालत नाही." ती क्षणभर थांबली नाही. "कितव्या गिअरमध्ये यायला हवी, ते लिहिलेलं नाही."

भिंगरी आईकडे बघत राहिली. मग तिने फडकं मामाच्या खांद्यावर टाकलं.

"म्हणजे मला नापास व्हायला जायचंय."

"नापास व्हायला कोणी इतकं लांब जातं?" मामा म्हणाला. "चार किलोमीटर आहे! त्या एका गिअरात? मुंगी पुढे निघून जाईल."

"जाऊ दे. मुंगीला तपासणी नाही."

दिवे, हॉर्न, ब्रेक पुन्हा बघून घेण्यात दुपार गेली. तीन वाजता निघायचं ठरलं आणि आई गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. "तू कुठे?" भिंगरीने विचारलं. आईच्या मांडीवर पाण्याच्या दोन कळशा होत्या. "रेडिएटरला लागेल," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रस्त्यावर त्यांचं जे काही झालं त्याला मिरवणूकच म्हणायचं. इंजिन जीव खाऊन ओरडत होतं आणि गाडी सायकलच्या बरोबरीने चालली होती. एक सायकलवाला बराच वेळ शेजारून आला, मग कंटाळून पुढे गेला. मागे गाड्यांची रांग लागली. एक ट्रकवाला बाजूला येऊन खिडकीतून ओरडला, "बाई, दुसरा टाका की!"

"दुसरा मागे जातो!" भिंगरी ओरडली.

ट्रकवाल्याला ते कळलं नाही, पण त्याने अंतर वाढवलं.

मामा स्कूटरवरून मागे येत होता. आपण फक्त गंमत बघायला आलोय असं त्याने निघताना दोनदा सांगितलं होतं. पण पुलाच्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला, गाडी थांबवावी लागली, आणि मागच्यांनी हॉर्नचा गदारोळ केला. तेव्हा आईने आरशात पाहिलं तर मामा स्कूटर आडवी लावून रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने गाड्या बाजूने काढत होता. "ओरडू नका! इंजिन आहे, चुलीवरचा भात नाही! निवायला वेळ लागतो!" तो कोणाला तरी सांगत होता.

दोन्ही कळशा रिकाम्या झाल्या. साडेचार वाजता गाडी कार्यालयाच्या फाटकातून आत गेली.

तपासनीस बुटका, थकलेला माणूस होता. खिशाला दोन पेनं, हातात पुठ्ठा. त्याने दिवे पाहिले, हॉर्न ऐकला, ब्रेक दाबायला लावले. झाकण उघडून इंजिनाचा नंबर कागदाशी ताडला. "नीटनेटकं बसवलंय," तो स्वतःशीच म्हणाला. मग पुठ्ठ्यावरची पुढची ओळ वाचून म्हणाला, "रिव्हर्स दाखवा."

"कुठला?" भिंगरीने विचारलं.

"कुठला म्हणजे?"

"चार आहेत."

तपासनिसाने वर पाहिलं. चेष्टा करणारी माणसं त्याने आयुष्यभर पाहिली असणार, पण ही चेष्टा करणाऱ्याची नजर नव्हती. "दाखवा," तो म्हणाला.

भिंगरीने खिडकीतून मान मागे वळवली आणि दाखवले. पहिल्यात निघाली, दुसरा टाकला, तिसरा टाकला. आवार लांबलचक होतं. रांगेतल्या गाड्यांचे चालक बाहेर आले. चौथा पडला तेव्हा गोल पाठीची ती मोटार आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलटी पण बाणासारखी सरळ गेली आणि भिंतीपासून दोन हातांवर थांबली. आईने डोळे मिटले नाहीत. दोन्ही हात मात्र डॅशबोर्डवर इतके घट्ट होते की नंतर बोटं सोडवताना दुखली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग भिंगरी त्या एका गिअरात घरघरत सावकाश परत आली.

"हे कोणी केलं?" तपासनिसाने विचारलं.

"मी."

"सगळं?"

"चुकीसकट सगळं."

"गाडी नापास आहे, कळतंय ना?"

"नापासच करा. पण आजच्या तारखेचा शिक्का मारा."

त्याने घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी होती. तो पुठ्ठ्यावर वाकला, कारणाच्या रकान्याशी थांबला, पेनाचं टोक दाताखाली धरून विचार केला, आणि लिहिलं: 'पुढे जाण्याचे गिअर: एक. मागे जाण्याचे: चार.' शिक्का मारून कागद फाडताना त्याने हळूच विचारलं, "क्राऊन पलटणार?"

"हो."

"सील नवीन टाका. जुनं पुन्हा बसत नाही."

त्या पंधरा दिवसांत वर्कशॉपात भिंगरी आली की पोरं उलटी चालत वाट देत. मिस्त्रीने तर तिला 'मागास' अशी हाक मारायला सुरुवात केली. ती कोणावर चिडली नाही. दिवसभर काम करायची, घरी येऊन गिअरबॉक्स उघडायची. जुनं सील पुन्हा बसवून बघितलं, कारण ऐकायचं नाही हा तिचा जन्मजात गुण. त्यातून तेल गळलं, मग नवं आणलं. नवव्या दिवशी गाडी पहिल्या गिअरात पुढे गेली. अकराव्या दिवशी पास झाली. या वेळी तपासनीस दुसराच होता आणि त्याने गाडीकडे धड पाहिलंही नाही, याचं भिंगरीला वाईट वाटलं.

ही बातमी मिस्त्रीच्या आधी गिऱ्हाइकांपर्यंत गेली. उलट्या मोटारीची पोरगी सगळ्या रस्त्याने पाहिली होती. वीटभट्टीवाल्याने सरळ फोन करून विचारलं, "तीच का? तिलाच पाठवा." मिस्त्रीने चष्मा पुसला, आणि जणू पूर्वीपासून असंच चालत आल्यासारखा म्हणाला, "चल, व्हॅनमध्ये बस. मी पण येतो."

"व्हॅनमध्ये जागा नाही," भिंगरी म्हणाली. "आणि मला एकटीला बोलावलंय."

निघायच्या सकाळी आईने काय काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. पोचलीस की फोन. निघालीस की फोन. पुलावर हळू. अनोळखी माणसाला गाडीत घेऊ नकोस. यादी लांब होती. भिंगरीने हत्यारं मागच्या सीटवर टाकली, इंजिन सुरू केलं आणि खिडकीतून आईकडे पाहिलं. ती वाट बघत होती, यादी ऐकायला तयार होती.

"जा," आई म्हणाली. "उशीर होईल."

गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मामा दूध घेऊन येत होता. त्याने रिकाम्या शेडकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"ताई, इतक्या लांब पोरीला एकटी पाठवलीस?"

"मी कोण पाठवणारी?" आई म्हणाली. "तिचं काम आहे, ती गेली." आणि त्याच्या हातातलं दूध घेऊन ती आत गेली. फोन तिने ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवला. अकरापर्यंत तो वाजला नाही. तिनेही लावला नाही.